अनंतमामा, तुझी भिंत आम्ही फोडली

मामा, काल तुझ्या बाथरूमची भिंत फोडली. दुसऱ्या कोणाकडून तुला कळण्याआधी मीच सांगते. मेलेल्या माणसाला काही कळतं यावर माझा विश्वास नाही, आणि तो नाही म्हणून तू मला किती टोमणे मारलेस तेही लक्षात आहे. तरी सांगते. ज्या भिंतीला तू प्लंबरला सोड, रंगाऱ्यालासुद्धा हात लावू दिला नाहीस, ती काल सकाळी तुझ्याच मुलाने, नितीनदादाने, उभं राहून फोडून घेतली. मी तिथेच होते. मी काही केलं नाही.

पत्रक लिहायचं असतं तर हे वाक्य असं सुरू केलं नसतं. ‘समस्त रहिवाशांनो’ असं सुरू केलं असतं. पण समस्त रहिवाशांशी बोलायची आता इच्छा उरलेली नाही. तुझ्याशीच बोलते.

तुझ्या बाराव्याला गावाहून आलेली माणसं मला विचारत होती, एका भिंतीसाठी अनंत एवढा का अडून बसला होता? काय सांगणार? नदीकाठची आपली चाळ पडली, बिल्डरने तिच्या जागेवर दोन इमारती उभ्या केल्या. पुढची विकायची, काचेची. मागची आपली, जुन्या भाडेकरूंची. चाव्या देताना पेढे वाटले. प्रत्येक बाथरूममध्ये गीझरची सोय आहे आणि गरम पाण्याची लाईन भिंतीच्या आतून नेली आहे, बाहेर एक पाईप दिसणार नाही, असं त्याच्या माणसाने छाती फुगवून सांगितलं. बाहेर पाईप दिसू नये यात केवढी इभ्रत असते हे चाळीत राहिलेल्याला विचारा. मामीची उजवी बाजू तोवर अर्धांगाने गेली होती, भाड्याच्या खोलीत असतानाच. तू तिला धरून बाथरूममध्ये नेलंस, नळ सोडलास आणि तिचा डावा हात त्या पाण्याखाली धरून ठेवलास. ती हसली होती. तुझ्या लग्नाच्या फोटोतही ती तशी हसलेली नाही.

ते सुख एक हिवाळाभरही टिकलं नाही. टाइल्सच्या फटींतून पाणी झिरपायला लागलं. खालच्याच्या छताला ओल, त्याच्या खालच्याच्या छताला ओल. एका घरी भिंत उघडून बघितली तेव्हा आत पांढरा पाईप. थंड पाण्याचा. गरम पाण्याला पिवळसर लागतो, जरा महाग असतो. पांढरा पाईप तापला की नरम पडतो, सांधे सुटतात आणि भिंत आतल्या आत पाणी पीत बसते. म्हणजे आख्ख्या इमारतीत, तळमजल्यापासून गच्चीखालच्या घरापर्यंत, गरम पाण्याच्या लाईनीला थंड पाण्याचा पाईप घातलेला. चूक नव्हे ही. चूक एखाद्या घरात होते. हा हिशेब होता. पुढच्या इमारतीत पिवळसर पाईप आहेत, मी बघून आलेय. आपण त्याचं ऑफिस गाठलं तर तो माणूस म्हणतो कसा, गीझर कमी तापवा! उद्या म्हणेल दिवा लावा पण उजेड पाडू नका.

तेव्हा मी पहिलं पत्रक लिहिलं. ते फाडणारा पहिला माणूस तू.

खरं तर फाडलं नाहीस, मामीला वाचून दाखवलंस. तुझी पद्धतच ती. माझ्या पत्रकातला ‘भांडवली मुजोरीचा नंगानाच’ तू अगदी कीर्तनकारासारखा हात उंचावून वाचलास आणि मामीला विचारलंस, काय ता समाजला? ती म्हणाली, कोण नाचता? मग तू कागद माझ्या हातात परत दिलास. पुढारीणबाई, म्हणालास, पाईप खंय आसा ह्याच्यात? मी चिडून निघून गेले. घरी जाऊन पुन्हा लिहिलं. त्यात पाईप होता, भिंत होती, ओल होती, आणि मागणी एकच होती. ते पत्रक इमारतीतल्या प्रत्येकाने वाचलं. कॉलेजात, संघटनेच्या शिबिरात मला लिहायला शिकवणारे पुष्कळ भेटले. खोडायला शिकवणारा तू एकटा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगितलं असतंस.

पण मग त्या सत्यनारायणाच्या दिवशी तू जे केलंस ते मला आजही पटलेलं नाही. आणि आपलं भांडण तिथेच राहिलं.

पूजा हॉलमध्ये होती, सगळी घरं जमलेली. मी ठराव लिहून आणला होता. बिल्डर सगळ्या घरांचे पाईप बदलून देईपर्यंत कोणीही आपल्या पैशाने आपल्या घरचा पाईप बदलू नये. साधं आहे. एकेकाने गुपचूप दुरुस्ती करून घेतली की बिल्डर सुटला. तो म्हणणार, तक्रार कुठे आहे? सह्या घ्यायच्या होत्या. तू म्हणालास, सह्या कसल्या घेतंस, ठराव मोडतत गो, गाराणा मोडना नाय. आणि सरळ पुढे जाऊन देवासमोर नारळ ठेवलास. मी तुला दारू सोडणाऱ्या आणि नवस फेडणाऱ्या लोकांसाठी देवाला साकडं घालताना, गाऱ्हाणी घालताना ऐकलं होतं. पाइपाचं गाऱ्हाणं जगात पहिल्यांदाच झालं असेल. ‘बा देवा म्हाराजा, आज ह्या घराची लेकरा तुज्या पायाकडे उभी आसत,’ तू सुरू केलंस, आणि बघता बघता माझा ठराव तुझ्या तोंडून असा काही बाहेर पडला की माझ्याच अंगावर काटा आला. शेवटी तू म्हणालास, जो कोण आधी आपल्या घरचो पाईप बदलीत तेका तू बघून घे. आणि आख्खा हॉल, त्यात कोकणातले नसलेलेसुद्धा, एका आवाजात, ‘व्हय म्हाराजा.’

घरी जाताना मी तुला म्हटलं, कोर्टात नारळ चालत नाही मामा. तू म्हणालास, ‘कोर्ट माणसांनी केल्यानी, नारळ देवान केल्यान.’

मी तुला अंधश्रद्धाळू म्हटलं. तू मला हसलास.

आणि मग काय झालं? व्हय म्हाराजा म्हणणारे एकेक करून सुटले. पहिल्या घरात बाळंतीण होती, तिथे कोण काय बोलणार. तूच म्हणालास, देव लेकराक बघता, सोड. दुसऱ्याकडे लग्न होतं. तिसऱ्याकडे सासू आली होती. त्यानंतर कारण द्यायचीही लाज उरली नाही. रविवार उजाडला की कुठल्या ना कुठल्या मजल्यावर छिन्नीचा आवाज. कोणी भिंत फोडून घेतली, कोणी बाहेरून लाईन ओढली, तीच ती बाहेरून दिसणारी लाईन, जिची एवढी लाज वाटत होती. प्लंबरची पिशवी भाजीच्या पिशवीत घालून वर नेणारे लोक मी बघितलेत. आमच्या घरी बाबांनी करून घेतलं तेव्हा मी साकीनाक्याला कामगारांच्या सभेत लाऊडस्पीकरवर बोलत होते. घरी आले तर बाथरूममध्ये नवीन टाइल, जुन्यांच्या रंगाशी न जुळणारी. मी बाबांशी बोलणं सोडलं. पुढे दिवाळीत तू मला गाठलंस आणि सगळ्यांदेखत विचारलंस, काय पुढारीणबाई, अभ्यंगस्नान गरम पाण्यान केलंस मां?

तू मात्र नाही म्हणजे नाही; गीझर बंद ठेवलास, पण भिंत फोडली नाहीस. गाऱ्हाणं तुझ्या तोंडून गेलं होतं. तुम्हा लोकांच्यात ज्याने घातलं त्यानेच ते दुसरा नारळ ठेवून सोडवायचं असतं, तोवर तो बांधलेला. इतरांनी मोडलं ते त्यांचं त्यांना लखलाभ. नितीनदादाने पुण्याहून येताना बादलीत सोडायचा रॉड आणला, त्याला मामी घाबरली, आंघोळीला बसायलाच तयार होईना. मग तू टोपात पाणी तापवायचास. स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत, फडक्यात धरलेला तो टोप घेऊन, रिकाम्या घरात हॉटेलातल्या वेटरसारखा ओरडत यायचास, बाजू, बाजू, गरम पाणी! बाजूला व्हायला घरात होतं कोण? मामी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, ती हसायची. रोज तोच विनोद आणि रोज ती हसायची. मला तो विनोद बघवायचा नाही. तुझे हात थरथरताना दिसायचे.

त्याच दिवसांत आपलं मोठं भांडण झालं. मी तुला सरळ म्हटलं, सगळ्यांनी मोडलंय, आता तू पण फोड भिंत. लढा संपलाय. तुझ्या शब्दाचा गारठा मामीने का सोसायचा? तुला नारळाची एवढी काळजी आणि जिच्या अंगाला मुंग्या येतात तिची नाही? मी बरंच काही बोलले. कामगार बायकांच्या बैठकीत जे बोलते ते सगळं तुझ्यावर काढलं. घरातल्या पुरुषाची तत्त्वं आणि घरातल्या बाईचे हाल, असलं काहीतरी. तू ऐकून घेतलंस. एरवी तू ऐकून घेणारा माणूस नव्हेस. मग म्हणालास की संपात गिरणीच्या मागच्या दाराने आत जाणारे तू तरुणपणी बघितलेस, त्यांच्या घरीही आजारी माणसंच होती. त्यातला एकही वाईट नव्हता, म्हणालास. सगळे बरे होते. म्हणूनच हरलो.



मग आपल्या बाजूने वकीलबाई आल्या. तोवर मोजकीच माणसं उरली होती, तरी केस उभी राहिली. बिल्डरचा वकील कोर्टात म्हणाला, आमचे पाईप उत्तम होते, रहिवाशांनी स्वतः मोडतोड करून हलके पाईप घातले, आणि आता आमच्यावर ढकलतायत. किती सोपं! ज्या ज्या घरात छिन्नी चालली होती ते प्रत्येक घर त्याच्या बाजूचा साक्षीदार झालं. कोर्टाने तपासणी अधिकारी नेमला. वकीलबाईंनी बैठकीत विचारलं, तुमच्या आख्ख्या इमारतीत हात न लागलेलं, बिल्डरने दिलं तसंच असलेलं एक तरी बाथरूम आहे का? कोणी वर बघेना. सगळे आपापल्या चपला बघत होते. मग हळूहळू एकेक मान तुझ्याकडे वळली. तू हात वर केला नाहीस, उभा राहिला नाहीस, बसल्या जागेवरून म्हणालास, आसा.

मामा, त्या एका शब्दासाठी मी तुला सगळं माफ केलं होतं. अंधश्रद्धेसकट.

आणि मग मी किती पटकन बदलले बघ. कालपर्यंत फोड फोड म्हणणारी मी, दुसऱ्या दिवसापासून तुझ्या भिंतीची राखणदार झाले. कोणाला आत घेऊ नको, खिळासुद्धा ठोकू नको, टाइल पुसायची तर ओल्या फडक्याने पूस. तू मजा बघत होतास. काल फोड म्हणीत होतंस, आज राख म्हणतंस, मगे उद्या काय पूजा घालतंस काय तिची? मी म्हटलं, मामा, हा पुरावा आहे, तू पुरावा राखलास. तेव्हा तू एकदम गंभीर झालास.

‘पुरावो म्हणान ठेवूक नाय मी,’ म्हणालास. ‘शब्द दिलो म्हणान ठेवलंय. पुरावो तुजो.’

हे आपलं शेवटचं भांडण. पुरतं झालंच नाही. मला म्हणायचं होतं की शब्द काय आणि पुरावा काय, भिंत उभी राहिली हे महत्त्वाचं. तुला काय म्हणायचं होतं ते मला आता थोडंथोडं कळतं. शब्द तू एकट्याने राखू शकलास. पुराव्याला दुसरी माणसं लागतात. यायला अधिकारी लागतो, तारीख लागते, समोरच्या वकिलाची तब्येत बरी लागते. अधिकाऱ्याची बदली झाली. नवा आला तर त्याच्याकडे कागद पोचले नाहीत. मग बिल्डरच्या वकिलाने मुदत मागितली, मग पुन्हा मागितली. तू रोज टोप वाहत होतास. मी रोज फोन करत होते, आता होईल मामा, आता नक्की.

त्या सकाळीही मामीची आंघोळ झाली होती. तू टोप धुऊन पालथा घातलास, खुर्चीत बसलास आणि मामीला म्हणालास की जड वाटतंय. तिला उठता येत नाही. तिने डाव्या हाताने भिंतीवर थापा मारल्या, शेजारचे आले, रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले हृदय. म्हणाले, कधीही झालं असतं.

मी त्यावर विश्वास ठेवला नाही. घरी आले, दार लावून बसले आणि लिहायला घेतलं. वर मोठ्या अक्षरात: बिल्डरने घेतलेला बळी. हात थांबतच नव्हता. इतकं चांगलं पत्रक मी आयुष्यात लिहिलेलं नाही. प्रत्येक वाक्य खणखणीत, त्यात पाईप होता, टोप होता, थरथरणारे तुझे हात होते. ते घेऊन मी मामीकडे गेले, कारण आता तिला वाचून दाखवायला तू नव्हतास. वाचलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

‘तेंका पाणी हाडूचो कधी कंटाळो इलो नाय,’ मामी म्हणाली. ‘खोटा लिहू नको.’

खोटं नव्हतं ते मामा. पण पाणी आणायचा तुला कधी कंटाळा नव्हता, म्हणून तिला ते तसं लागलं. तुझ्या दोन हातांत रोज तिच्यासाठी जे काही होतं, त्याचा मी बळी करून टाकला होता. ते पत्रक निघालं नाही. निघाला तो फ्लेक्स. इमारतीच्या गेटवर, केवढा थोरला! ‘झुंजार रहिवासी अनंत तुकाराम घाडी यांना भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये तुझा लग्नातल्या फेट्याचा फोटो, आणि खाली शोकाकुल म्हणून ज्या ज्या घरात छिन्नी वाजली त्या त्या घराच्या मालकाचा फोटो. त्यातले दोन-तीन फोटो तुझ्यापेक्षा मोठे. बिल्डरच्या ऑफिसातून हारही आला. मी तो हार उचलून बाहेर टाकायला निघाले तर आईने माझा दंड धरला. मेलेल्या माणसाच्या दारात तमाशा नको म्हणाली. तमाशा! तमाशा कोण करत होतं?

तेरावं उरकलं. गावची मंडळी गेली. नितीनदादाला पुण्याला कामावर परत जायचं होतं. मामी त्याच्याबरोबर जायला तयार नाही, तिला तुझं घर सोडायचं नाही. दिवसा येणारी एक बाई ठरली, पण ती वयस्कर आहे, उकळत्या पाण्याचा टोप उचलणार नाही असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. तिचं बरोबर आहे. नितीनदादा म्हणाला, जायच्या आधी मी पाईप बदलून जाणार.

मी भांडले. अर्थातच भांडले. त्याला सगळं समजावलं, जसं कोर्टात समजावतात तसं. ही शेवटची भिंत आहे. हिला छिन्नी लागली की केस संपली, मग बिल्डर राजरोस म्हणणार की बघा, इथेही यांनीच पाईप घातले. तुझ्या बापाने एवढी वर्षं काढली ती या भिंतीसाठी. पाणी मी आणून घालते, रोज येते. नितीनदादा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, माझं भांडणाला भांडण झालं असतं. त्याने फक्त विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, तपासणी होईपर्यंत. तो म्हणाला, आणि ती पुढे गेली तर? मी म्हटलं, या वेळी जाणार नाही. त्याला माहीत होतं की मी सभांना नाशिकला जाते, नागपूरला जाते, आठवडा आठवडा घरी नसते. मलाही माहीत होतं.

निदान दोन्ही बाजूंच्या समक्ष पंचनामा होईपर्यंत थांब, मी म्हटलं. वकीलबाईंना तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, समोरच्याला नोटीस द्यावी लागेल, तो पुन्हा मुदत मागेल. म्हणजे पुन्हा तेच. फोन स्पीकरवर होता.

तेव्हा नितीनदादा मामीकडे वळला. आई, तू सांग. मीसुद्धा मामीकडे बघितलं. खरं सांगते मामा, मला खात्री होती. मला वाटलं ती म्हणेल, तेंचो शब्द आसा, हात लावू नको. मी ते ऐकायला इतकी तयार होते की माझ्या डोळ्यांत आधीच पाणी आलं होतं. तसं झालं असतं तर मी त्याच्यावर भाषण केलं असतं, आयुष्यभर केलं असतं.

ती म्हणाली, ‘तेंचा गाराणा तेंच्यावांगडा गेला. फोड.’

तुझं गाऱ्हाणं तुझ्याबरोबर गेलं. एवढं सरळ. नवा नारळ नाही, काही नाही. ज्याने घातलं तोच गेला तर बांधलेलं कोण उरतं? कायद्याच्या पुस्तकात इतका स्वच्छ युक्तिवाद मी वाचलेला नाही. आणि त्याच्यासमोर माझी केस, माझा पुरावा, माझी सगळी पत्रकं, काही म्हणजे काही उभं राहिलं नाही.

प्लंबर आला. मी बाथरूमच्या दारात मोबाईल घेऊन उभी राहिले, पहिल्या घावापासून सगळं शूट केलं. टाइल निखळली, प्लास्टर पडलं आणि तो दिसला. पांढरा. इतकी वर्षं ज्याच्यावर आपण भांडलो तो हा, बोटाएवढा जाड, वाकलेला, सांध्यापाशी फुगलेला. तू याला कधीच बघितलं नाहीस ना मामा? बघायचा झाला तर भिंत फोडावी लागली असती. न बघता राखलास. मी त्याचे फोटो काढले, वकीलबाईंना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला नाही. आला तेव्हा म्हणाल्या, बघू. बघू म्हणजे काय ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आणि तुला सगळ्यात जास्त लागेल ते आता सांगते. छिन्नीचा आवाज ऐकून मजल्यावरचे लोक आले. कोणी चहा आणला, कोणी प्लंबरला सल्ले दिले, सांध्याला नीट डिंक लाव रे, आमच्याकडे सुटला होता. सगळे कसे मोकळे वाटत होते. तुझ्या जाण्याने जे चेहरे तेरा दिवस ओढलेले होते ते काल सैल झाले. आधी मला कळेना का. मग कळलं. तुझी भिंत उभी होती तोवर त्यांच्या प्रत्येकाच्या भिंतीकडे कोणीतरी बोट दाखवत होतं. लिफ्टमध्ये तू भेटलास की ते मोबाईल काढायचे. काल ते बोट खाली आलं. काल आख्खी इमारत सुटली. कोणी वाईट नव्हतं मामा, तू म्हणाला होतास तसंच. सगळे बरे होते.

मी आता काय करू ते मला माहीत नाही. तपासणी अधिकारी येईल, येईल तर येईल, नवी टाइल बघेल, सही करेल, जाईल. पुढच्या इमारतीतले लोक गरम पाण्याने आंघोळ करून ऑफिसला जातील. बिल्डर नवी चाळ शोधेल, चारकोपला म्हणे बोलणी चालू आहेत, तिथे पेढे वाटेल. आणि तिथेही कोणीतरी पोरगी पत्रक लिहील. तिला मी काय सांगू? लढ म्हणून सांगू? की हळूच एखाद्या रविवारी प्लंबर बोलाव म्हणून सांगू? इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की एकटं काही होत नाही, एकजूट करा. एकजूट केली ती नारळ वाळायच्या आत फुटली. टिकलं ते एकट्याचं टिकलं, आणि तो एकटा मेला. याच्यावर मला एक ओळ सुचत नाही.

दुपारी प्लंबर गेला. नितीनदादा बॅग भरत होता. त्याने मला विचारलं, आईला तू घालशील आंघोळ? मुलाच्या हातून तिला संकोच वाटतो. मी हो म्हटलं. गीझर लावला. पूर्ण तापू दिला, कमी नाही. मामीला धरून आत नेलं, स्टुलावर बसवलं. भिंतीवर नवं सिमेंट अजून ओलं होतं. मी नळ सोडला. सुरुवातीला थंड आलं, मग कोमट, मग वाफ निघायला लागली. मी बादली भरली आणि पहिला तांब्या तिच्या पाठीवर ओतला. ती दचकली. मग तिने मान खाली घातली आणि पाणी अंगावरून वाहू दिलं.

दोन-तीन तांबे झाले असतील. तिने मान न वळवता विचारलं, ‘एवढाच काम होता?’

सकाळी प्लंबर आला आणि जेवायच्या वेळेला गेला. एवढंच काम होतं. बिल्डरचं ऑफिस गेटपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याने एक माणूस पाठवला असता तर एवढंच काम होतं. त्याने आधीच पिवळसर पाईप घातला असता तर तेवढंही नव्हतं. हे सगळं माझ्या तोंडात आलं. सवयच आहे, तुला माहीत आहे. पण तिने बिल्डरबद्दल विचारलं नव्हतं. कदाचित तुझ्याबद्दल विचारलं असेल. कदाचित माझ्याबद्दल. मी म्हटलं, हो मामी, एवढंच.

मी पाणी घालत राहिले. गरम होतं, मामा. चांगलं गरम होतं.